चोखोबांची समाधी, नामदेवांची पायरी आणि आपण



ज्ञातीच्या वार्षिक स्मरणिकेत संस्थेचा वृत्तान्त यावा, देणगीदारांची नामावली यावी, गुणवंत विद्यार्थ्यांचे कौतुक व्हावे, हा परिपाठ आहे आणि तो सर्वस्वी योग्य आहे. तथापि ज्या नामदेव शिंपी समाजाने संतशिरोमणी नामदेव महाराजांस आपले कुलभूषण मानले, त्याच्या स्मरणिकेत महाराजांच्या एका परममित्राचीही आठवण निघाली पाहिजे, असे आम्हांस वाटते. तो मित्र म्हणजे चोखामेळा. ह्या दोघांच्या मैत्रीपासून आरंभ करून, अस्पृश्यता नावाची व्यवस्था कशी चालत आली, ती मोडण्याच्या कामी ज्यांच्यावर ती लादलेली नव्हती अशा मंडळींनी कोणते साहाय्य केले, आणि त्यावरून आज आपल्या कुटुंबांनी काय शिकावे, इतका विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. विषय थोडा कडू आहे. पण वाचकांनी तो औषधासारखा घ्यावा, अशी विनंती आहे.

चोखोबा मंगळवेढ्याचे. मंगळवेढे आपल्याच सोलापूर जिल्ह्यात. परंपरा असे सांगते की, शके १२६० म्हणजे इ. स. १३३८ मध्ये मंगळवेढ्याच्या गावकुसाचे काम चालू असता कूस कोसळले आणि कामावरील मजूर त्याखाली गाडले गेले. त्यांत चोखोबाही होते. हे वर्तमान कळताच नामदेव महाराज मंगळवेढ्यास गेले, ढिगाऱ्यातून त्यांनी आपल्या मित्राच्या अस्थी शोधून काढल्या, त्या पंढरपुरास आणल्या आणि विठ्ठलमंदिराच्या महाद्वारासमोर त्यांची समाधी बांधविली. पुढे इ. स. १३५० मध्ये महाराजांनी स्वतः त्याच महाद्वाराच्या पायरीपाशी समाधी घेतली. वारीला जाणारे आपण सर्व प्रथम चोखोबांच्या समाधीस हात जोडतो, मग नामदेव पायरीस मस्तक लावतो आणि आत जातो.

एका महाराच्या अस्थी एका शिंप्याने उराशी धरून आणाव्या, ही गोष्ट सातशे वर्षांपूर्वीच्या काळात लहान नव्हती. तिचा आपल्या समाजास जो अभिमान वाटतो, तो रास्त आहे. परंतु इतिहासाचा विद्यार्थी येथे एक प्रश्न विचारल्यावाचून राहणार नाही. समाधी द्वाराबाहेर का? ज्या भक्ताच्या अस्थींतूनही विठ्ठलनामाचा ध्वनी उमटला असे संतपरंपरा सांगते, त्यास जिवंतपणी आत प्रवेश नव्हता आणि मेल्यावरही मिळाला नाही. मित्रप्रेमाने समाधी बांधली. द्वार मात्र बंदच राहिले. चोखोबांच्या जातिबांधवांस त्या द्वारातून आत जावयास १९४७ साल उजाडावे लागले. १३३८ पासून १९४७ पर्यंत ६०९ वर्षे होतात. ह्या ६०९ वर्षांत वारकऱ्यांत दयाळू माणसे नव्हती काय? हजारो होती. मग द्वार का उघडले नाही, हाच आमच्या लेखाचा मुख्य विषय आहे.

आम्ही शाळेत इतिहास शिकवीत होतो तेव्हा महाडच्या तळ्याचा धडा आला म्हणजे एखादा चुणचुणीत विद्यार्थी हमखास विचारी, 'गुरुजी, पाणी पिऊ नका असा हुकूम कोणी काढला होता?' प्रश्न फार मार्मिक आहे. हुकूम कोणा एका राजाने काढलेला नव्हता. पाटलाने पाहिले की पूर्वीपासून असे चालते. न्हाव्याने पाहिले की आपण त्यांची हजामत केली तर इतर गिऱ्हाईक तुटेल. भटजीने पोथीकडे बोट दाखविले. आईने मुलास दूर ओढले. प्रत्येकाने आपापल्या वाट्याचे थोडे थोडे काम केले आणि त्यापासून एक अशी भिंत उभी राहिली की तिचा बांधणारा कोण हे कोणास सांगता येऊ नये. जो अन्याय एका दुष्टाच्या हातून होतो, तो त्या दुष्टास शासन केले म्हणजे संपतो. जो अन्याय रीत, रूढी, नियम आणि सवय ह्यांच्या रूपाने वावरतो, तो सज्जनांच्या हातूनही घडत राहतो. ह्यालाच आम्ही व्यवस्थेचा अन्याय म्हणतो.

ह्या व्यवस्थेची रचना डॉ. बाबासाहेब आंबेडकर ह्यांनी फार नेमकी सांगितली आहे. ती केवळ विषमता नव्हे, तर पायऱ्यापायऱ्यांची विषमता आहे, असे त्यांचे प्रतिपादन होते. प्रत्येक जातीच्या डोक्यावर कोणी तरी आहे आणि पायाखालीही कोणी तरी आहे. वरच्याचा जाच सोसणारास खालच्यावर थोडासा तोरा मिरवावयास मिळतो. आणि तेवढ्या तोऱ्यापायी तो सबंध जिना मोडावयास तयार होत नाही. आपल्यासारख्या मधल्या पायरीवरील कारागीर समाजाने ह्या विचाराचे विशेष मनन केले पाहिजे. कारण वरच्याचा जाच म्हणजे काय, हे आपल्या पूर्वजांस ठाऊक होते. शीखांच्या गुरु ग्रंथ साहिबात नामदेवांची ६१ पदे आहेत. त्यांपैकी एका पदात आपणांस हीन जातीचा म्हणून देवळातून उठविले, असे गाऱ्हाणे देवापाशी मांडलेले आहे. देऊळ फिरल्याची औंढ्या नागनाथची कथा आपल्या घराघरांत सांगतात; तिच्या मुळाशी हेच दुःख आहे. ज्यांच्या संतास देवळातून उठविण्यात आले, त्यांना चोखोबांचे दुःख दुसऱ्याने समजावून देण्याची गरज पडू नये.

आता आपण पंढरपुराहून सुमारे ५० किलोमीटर अलीकडे, आपल्या कुर्डुवाडीस येऊ. आपले गाव वाढले ते रेल्वेमुळे. जी. आय. पी. रेल्वेच्या मुख्य मार्गावरील ह्या स्टेशनास पूर्वी बार्शी रोड म्हणत. १८९७ मध्ये येथून बार्शीपर्यंत अडीच फुटी रुळांची बार्शी लाइट रेल्वे सुरू झाली आणि १९०६ मध्ये तिचा फाटा पंढरपुरास पोहोचला. तेव्हापासून आषाढी-कार्तिकीस लाखो वारकऱ्यांनी येथे गाडी बदलली. ही छोटी गाडी आता राहिली नाही, मोठे रूळ पडले; पण तिच्या डब्यांत सर्व जातींचे वारकरी खांद्यास खांदा लावून बसत. त्यामुळे रेल्वेने जातिभेद मोडला, असे आपल्याकडील जुनी माणसे मोठ्या अभिमानाने सांगत. त्यात तथ्य आहे. पण डब्यातील बाक एक झाले म्हणून रेल्वेतील सर्वच वाटा एक झाल्या होत्या काय, हे पाहिले पाहिजे.

ह्याचे पहिले उत्तर मसूर स्टेशनावर मिळते. १९०१ साली बाल भीमराव आपल्या भावंडांसह साताऱ्याहून वडिलांकडे गोरेगावास निघाले. मसूरला उतरल्यावर न्यावयास कोणी आले नव्हते. नीटनेटके कपडे घातलेली ही मुले पाहून स्टेशनमास्तरांनी आपुलकीने चौकशी केली. परंतु मुलांनी आपण महार असे सांगताच ते चपापून मागे सरले. गाडीवानांनी दुप्पट भाडे देऊ केले तरी नकार दिला. शेवटी मुलांनी स्वतः बैल हाकावे व गाडीवानाने बाजूने चालावे, अशी तोड निघाली आणि ती सुचविली त्याच स्टेशनमास्तरांनी. रात्रभर त्या मुलांस पिण्यास पाणी मिळाले नाही. बाबासाहेबांनीच ही हकिकत लिहून ठेवली आहे. येथे स्टेशनमास्तर दुष्ट होते काय? मुळीच नाही. त्यांच्यापाशी दया होती, म्हणूनच त्यांनी मार्ग काढला. पण रूढीला धक्का लावण्याइतकी ती दया मोठी नव्हती. रूढी जागच्या जागी ठेवून तिच्यातून वाट काढून देणारी दया ती हीच.

दुसरे उत्तर मनमाडचे आहे. १९३८ च्या फेब्रुवारीत जी. आय. पी. रेल्वेतील दलित कामगारांची परिषद मनमाड येथे भरली. अध्यक्ष बाबासाहेब होते. त्यांनी तेथे केलेली मीमांसा आपल्या रेल्वेच्या गावातील प्रत्येकाने समजून घ्यावी अशी आहे. दलित माणसास रेल्वेत गँगमनचे काम मिळते आणि तो जन्मभर गँगमनच राहतो, असे त्यांनी दाखविले. त्याला निदान पोर्टर का करीत नाहीत? कागदोपत्री कोणताही मज्जाव नव्हता. परंतु पोर्टरकडून स्टेशनमास्तराच्या घरची कामे करून घेण्याची चाल पडली होती. घरात अस्पृश्य चालत नव्हता, म्हणून स्टेशनावरही तो पोर्टर होऊ शकत नव्हता. कारखान्यात गेल्यास कष्टाचे काम त्याच्या वाट्यास येई, कसबी कारागिराची किंवा मिस्त्रीची जागा मिळत नसे. कारण त्याच्या हाताखाली काम करण्यास इतरांची तयारी नव्हती. कारकुनीत अँग्लो-इंडियन तरुण मॅट्रिक नसताही घेतले जात, आणि दलितांपैकी मॅट्रिक झालेले तरुण बाहेर राहत.

वाचकांनी येथे क्षणभर थांबून विचार करावा. ह्या सर्व प्रकारात महाराला पोर्टर करू नये असे लिहिलेला कायदा कोठे दिसतो? कोठेच नाही. तरीसुद्धा वाट बंद ती बंदच. मुंबईच्या कापडगिरण्यांतही हाच प्रकार होता. विणकाम खात्यात पगार अधिक. पण तेथे धोट्यातील तुटलेला धागा तोंडाने ओढावा लागे, आणि विटाळाच्या भयाने दलित कामगारांस त्या खात्यात शिरू देत नसत. धाग्याच्या एका टोकापायी एका सबंध समाजाचा पगार दोन पिढ्या कमी राहिला, मग त्या पगारातून होणारे मुलांचे शिक्षण राहिले, आणि पुढे लोक म्हणू लागले की ह्यांना शिक्षणाची आवडच नाही! व्यवस्थेचा अन्याय असा आपल्या खुणा पुसत चालतो.

मग कायदे केले म्हणजे भागते काय? तेही इतिहास सांगतो. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबईच्या कायदे कौन्सिलात रावबहादूर सीताराम केशव बोले ह्यांनी ठराव मांडून संमत करून घेतला की, सरकारी खर्चाने बांधलेली पाणवठे, धर्मशाळा, शाळा, दवाखाने इत्यादी सार्वजनिक स्थाने अस्पृश्यांस खुली असावीत. बोले भंडारी समाजातील. अस्पृश्यतेचा चटका त्यांस बसलेला नव्हता. महाडच्या नगरपालिकेने १९२४ च्या जानेवारीत त्यानुसार चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. ठराव झाला आणि दप्तरात जाऊन पडला. तीन वर्षे एकाही दलिताने त्या तळ्याचे पाणी भरले नाही, कारण भरणाराचे डोके शाबूत राहील ह्याची हमी ठरावात नव्हती. शेवटी २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली परिषदेचे लोक तळ्यावर गेले आणि पाणी प्याले. त्याच दिवशी त्यांच्यावर हल्ला झाला, तळे शेण-गोमूत्राचे घडे ओतून 'शुद्ध' करण्यात आले, आणि ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला आधीचा ठराव परत घेतला. पुढे खटला चालून उच्च न्यायालयाने दलितांच्या बाजूने अंतिम निकाल दिला तो १९३७ च्या मार्चमध्ये. दहा वर्षे न्यायालयात गेली, ती एका ओंजळीच्या हक्कासाठी!

ह्या महाडच्या इतिहासातच आपणांस साथीदार कसा असावा, ह्याचे धडे सापडतात. महाड नगरपालिकेचे अध्यक्ष सुरेंद्रनाथ टिपणीस हे कायस्थ प्रभू. त्यांनी आपल्या अधिकाराचे वजन ह्या कामी खर्च केले. अनंतराव चित्रे हेही त्याच ज्ञातीचे. मार्चच्या परिषदेच्या अखेरीस उठून, आता सर्वांनी मिळून तळ्यावर जाऊ या, असे सुचविणारे ते होत. डिसेंबरच्या सत्याग्रह परिषदेस महाडचे व्यापारी माल विकेनात, तेव्हा बाहेरून धान्यसामग्री आणावी लागली. मंडपास जागा मिळेना, ती फत्तेखान नामक मुसलमान गृहस्थाने दिली. २५ डिसेंबर १९२७ रोजी मनुस्मृतीच्या दहनाचा ठराव मांडला तो गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे ह्या ब्राह्मण गृहस्थांनी. ह्यांपैकी एकानेही पुढारीपण मागितले नाही. कोणी जागा दिली, कोणी धान्य आणले, कोणी अधिकार दिला, कोणी आपल्याच जातीचा रोष ओढवून घेतला. परंतु कोणत्या दिशेस जावयाचे हे ज्यांच्यावर अन्याय झाला त्यांनी ठरविले.

त्याच सुमारास आणखी एक प्रसंग घडला, तो ज्ञातिसंस्थांनी विशेष लक्षात ठेवण्याजोगा आहे. पुण्याचे ब्राह्मणेतर पुढारी दिनकरराव जवळकर व केशवराव जेधे ह्यांनी महाडच्या सत्याग्रहास पाठिंबा देऊ केला, पण चळवळीत ब्राह्मणांस घेऊ नये अशी अट घातली. बाबासाहेबांनी ती अट मानली नाही. आपला लढा ब्राह्मण व्यक्तींशी नसून उच्चनीचतेच्या वृत्तीशी आहे, आणि ती वृत्ती ब्राह्मणेतरांतही असू शकते, असे त्यांचे म्हणणे होते. आपला पाठिंबा अटी घालून देणारा मनुष्य वस्तुतः आपलेच भांडण दुसऱ्याच्या खांद्यावरून लढू पाहत असतो, हा बोध आपण घ्यावा.

साथीदारांची थोर परंपरा महाराष्ट्रास आहे. महात्मा फुले ह्यांनी १८६८ मध्ये आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांस खुला केला. राजर्षी शाहू महाराजांनी २६ जुलै १९०२ रोजी मागासलेल्या वर्गांसाठी नोकऱ्यांत निम्म्या जागा राखून ठेवल्या. आणि गंगाराम कांबळे ह्यांच्या हॉटेलात जाऊन सर्वांदेखत चहा घेण्यास सुरुवात केली. राजा चहा घेतो म्हटल्यावर दरबारी मंडळींस नाही कसे म्हणता येणार? परंतु महाराजांची सर्वांत मोठी कृती आम्हांस वाटते ती माणगावची. १९२० च्या मार्चमध्ये तेथील परिषदेत, तुम्हांला तुमचा पुढारी सापडला आहे, अशा आशयाचे उद्गार काढून त्यांनी तरुण आंबेडकरांकडे बोट दाखविले. छत्रपतींच्या गादीवरील पुरुषाने आपण मागे सरून दुसऱ्यास पुढे करावे, ह्यात साथीदाराचे सर्व शास्त्र आले.

आपल्या जिल्ह्याचेही ह्यात थोडे श्रेय आहे. बाबासाहेबांनी स्थापन केलेल्या बहिष्कृत हितकारिणी सभेने १९२५ च्या जानेवारीत दलित विद्यार्थ्यांसाठी सोलापुरास वसतिगृह उघडले. त्यास सोलापूर नगरपालिकेने दरमहा ४० रुपयांचे साहाय्य दिले. आकडा लहान दिसतो, पण त्या ४० रुपयांत खेड्यापाड्यांतील मुलांच्या डोक्यावर छप्पर आले. भाषणांपेक्षा ते अधिक टिकले.

साथ देणारास कधी फार मोठी किंमतही मोजावी लागते. लोकमान्यांचे चिरंजीव श्रीधरपंत टिळक ह्यांनी १९२८ च्या एप्रिलमध्ये पुण्याच्या गायकवाड वाड्यात समाज समता संघाची शाखा काढली आणि बाबासाहेबांच्या उपस्थितीत सहभोजन घडविले. सनातनी विरोध, वाड्यासंबंधीचे वादविवाद आणि कोर्टकज्जे ह्यांनी हा कोमल मनाचा तरुण खचला आणि २५ मे १९२८ रोजी त्याने आपली जीवनयात्रा संपविली. जाण्यापूर्वी त्याने जी पत्रे लिहिली त्यांतील एक बाबासाहेबांस होते. श्रीधरपंतांचे नाव आपल्या मुलांस ठाऊक नसावे, ह्यासारखी खेदाची गोष्ट नाही.

आता पुनः पंढरपूर. १९४७ च्या आरंभी साने गुरुजींनी विठ्ठलमंदिर हरिजनांस खुले व्हावे म्हणून महाराष्ट्रभर दौरा काढला. सेनापती बापट त्यांच्या पाठीशी होते. स्वराज्य उंबरठ्यावर आले असता देवाचे द्वार बंद राहावे, हे गुरुजींस सहन होईना. १ मे रोजी त्यांनी पंढरपुरास तनपुरे महाराजांच्या मठात उपोषण आरंभिले. खुद्द गांधीजींना हे उपोषण प्रथम मान्य नव्हते. तरी गुरुजी ढळले नाहीत. दादासाहेब मावळंकरांनी मध्यस्थी केली, बडवे मंडळींनी मंदिर खुले करण्याचे मान्य केले आणि १० मे रोजी उपोषण सुटले. चोखोबांच्या समाधीवरून पुढे जाऊन महाद्वार ओलांडण्याची मोकळीक त्यांच्या जातिबांधवांस अशी मिळाली.

गुरुजींच्या ह्या तपश्चर्येपुढे कोणाचेही मस्तक नम्र होईल. परंतु प्रामाणिक इतिहासकाराने दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. ह्या सुमारास बाबासाहेबांचा मंदिरप्रवेशावरील भर केव्हाच ओसरला होता. नाशिकच्या काळाराम मंदिराचा सत्याग्रह १९३० पासून अनेक वर्षे चालूनही द्वार उघडले नव्हते, आणि १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्यास त्यांनी आपण हिंदू म्हणून मरणार नाही अशी घोषणा केली होती. शिक्षण, सरकारी अधिकार आणि स्वाभिमान ह्यांची आपल्या लोकांस अधिक निकड आहे, असे ते मानीत. मग गुरुजींचे उपोषण व्यर्थ होते काय? आमच्या मते नाही. ते स्पृश्यांच्या अंतःकरणाच्या शुद्धीसाठी होते आणि त्या अर्थाने यथार्थ होते. मात्र स्पृश्यांची चित्तशुद्धी झाली म्हणजे दलितांचा प्रश्न सुटला, अशी समजूत आपण करून घेऊ नये. गुरुजींनी द्वार उघडले. मंदिराची व्यवस्था बदलावयास पुढे १९७३ चा कायदा, आणि त्यावरील दीर्घ खटल्यानंतर २०१४ च्या जानेवारीतील सर्वोच्च न्यायालयाचा निकाल लागला. त्याच वर्षी मंदिर समितीने सर्व जातींतील पुजारी नेमले आणि त्यांत स्त्रियाही होत्या. द्वारापासून गाभाऱ्यापर्यंतच्या वीस-पंचवीस पावलांस आणखी ६७ वर्षे लागली.

हा प्रश्न केवळ आपल्या देशाचा नाही. महात्मा फुले ह्यांनी १८७३ मध्ये आपला 'गुलामगिरी' हा ग्रंथ अमेरिकेतील ज्या सज्जनांनी निग्रोंच्या दास्यविमोचनाचे कार्य केले, त्यांस अर्पण केला होता. बाबासाहेबांनी १९४६ मध्ये तेथील कृष्णवर्णीय विद्वान डु बॉइस ह्यांस पत्र लिहून दोन्ही समाजांच्या स्थितीतील साम्य दाखविले. २०२० च्या मे महिन्यात जॉर्ज फ्लॉइड नामक कृष्णवर्णीयाचा पोलिसाच्या गुडघ्याखाली मृत्यू झाला, तेव्हा त्या देशातील पुष्कळ गोऱ्या कुटुंबांनी आपल्या समाजाचा इतिहास मुळापासून वाचावयास घेतला. कायद्याने दास्य १८६५ मध्येच संपले होते. मग हे अजून का घडते, हा त्यांचा प्रश्न आपल्या चोखोबांच्या समाधीपाशीच उभा आहे.

आपल्याकडेही २६ जानेवारी १९५० पासून संविधानाने अस्पृश्यता नष्ट केली आहे, १९५५ व १९८९ चे कायदे आहेत, आणि ज्ञातिपंचायतींच्या बहिष्काराविरुद्ध महाराष्ट्राने स्वतंत्र कायदा करून तो २०१७ पासून अमलात आणला आहे. तरीही २००६ मध्ये खैरलांजी घडले. वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय राज्य सरकारला घ्यावा लागला तो २०२० च्या डिसेंबरात. ह्याचा अर्थ गावकुसाबाहेरच्या वस्तीचे नावसुद्धा सत्तर वर्षे तसेच राहिले होते.

असो. आता कर्तव्याचा विचार करू. पहिले कर्तव्य अध्ययनाचे. दलित बांधवांचे दुःख त्यांच्याच शब्दांत वाचावे. दया पवारांचे 'बलुतं', फलटणच्या बेबी कांबळे ह्यांचे 'जिणं आमुचं', लक्ष्मण माने ह्यांचे 'उपरा' ही पुस्तके आपल्या ज्ञातीच्या वाचनालयात संतचरित्रांच्या शेजारी असावीत. शेजारच्या दलित गृहस्थास बोलावून, तुमच्यावर काय अन्याय झाला ते सांगा, असे विचारणे सभ्यपणाचे नाही. जखम दाखविण्याचे काम त्याच्यावर लादू नये. त्याऐवजी आपल्याच घरातील वृद्धांस विचारावे. दुकानात कोणाचे माप अंगास हात लावून घेत आणि कोणाचे नुसत्या नजरेने? शिवलेला कपडा कोणाच्या हातात देत आणि कोणासाठी ओट्यावर ठेवीत? कोणासाठी पाण्याचा पेला वेगळा होता? ह्या प्रश्नांची उत्तरे नोंदवून ठेवली तर आपल्या ज्ञातीचा खरा इतिहास तयार होईल.

दुसरे कर्तव्य संस्थेचे. आपले सभागृह लग्नकार्यास भाड्याने देताना, खोली भाडेकरूस देताना, दुकानात कारागीर नेमताना आडनाव विचारून मग निर्णय होतो काय, हे कार्यकारिणीने स्वतःस विचारावे. मनमाडच्या परिषदेत सांगितलेला पोर्टरचा दाखला आठवावा. नियमांत मज्जाव नसतो. तो चालीत दडलेला असतो, आणि चाल बदलणे आपल्या हाती असते. शिष्यवृत्तीचा एखादा भाग ज्ञातीबाहेरील गरजू विद्यार्थ्यासाठी ठेवता आला, तर सोलापूरच्या त्या ४० रुपयांची परंपरा चालू राहील.

तिसरे कर्तव्य जिभेचे. लग्नाच्या पंगतीत, गाडीच्या डब्यात, मोबाइलवरील कौटुंबिक गटात राखीव जागांवरून अथवा जातीवरून हिणकस बोलणे निघते. तेथे गप्प बसणारा सज्जन हा मसूरच्या स्टेशनमास्तरासारखा होय. त्याची दया खरी, पण रूढीच्या उपयोगाची. वडीलधाऱ्यांचा मान राखून, शांतपणे, पण स्पष्ट शब्दांत 'हे योग्य नव्हे' असे म्हणणारी एक व्यक्ती प्रत्येक कुटुंबात तयार झाली पाहिजे.

चौथे आणि अखेरचे कर्तव्य नम्रतेचे. आपण साथ दिली म्हणून हारतुऱ्यांची अपेक्षा करू नये. ज्याचे त्याला परत देण्यात उपकार कसला? दलित बांधव रागाने बोलले तर रुसून बसू नये. ६०९ वर्षे द्वाराबाहेर उभे राहिलेल्याचा आवाज थोडा चढणारच. व्यासपीठावर त्यांना शेवटची पाच मिनिटे देण्यापेक्षा, व्यासपीठ त्यांचे असेल तेथे आपण श्रोत्यांत जाऊन बसावे.

नामदेव महाराजांनी मित्राच्या अस्थी वाहून आणल्या. आपल्या काळात जेवढे करवेल त्याच्या कैकपट त्यांनी केले. पुढचे काम त्यांनी आपल्यावर सोपविले आहे. महाराजांची पायरी आणि चोखोबांची समाधी ह्यांमध्ये अंतर फार थोडे आहे. ते अंतर आपल्या घरांत, दुकानांत आणि मनांत किती उरले आहे, हे प्रत्येक कुटुंबाने येत्या वर्षात मोजून पाहावे आणि पुढील वार्षिक सभेत त्याचा वृत्तान्त जमाखर्चाच्या बरोबरीने मांडावा, अशी सर्व ज्ञातिबांधवांस आमची नम्र सूचना आहे.